वाटीबाहेरचं वजन

गेल्या जूनमध्ये गुंड्याला रेबीजच्या लशीसाठी नेलं. गुंड्या आमचा लॅब्रॅडॉर. सात वर्षांचा, नसबंदी झालेला, रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा. दवाखान्यातल्या काट्यावर तो स्वतःहून जाऊन बसला, कारण तिथे बसलं की खाऊ मिळतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आकडा आला ३८. मी म्हटलं, "तसा हाडापेरानंच मोठा आहे तो." डॉक्टरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "मूठ वळा बघू."

मुठीवर जे चार उंचवटे येतात त्यांच्यावरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवायची. बरगड्या हाताला अशा टोचल्या तर जनावर हडकलेलं. मग मूठ सोडून पंजा सरळ करायचा आणि हाताच्या पाठीवरून बोटं फिरवायची. वर पातळ कातडी, खाली एकेक हाड मोजता येतं. बरगड्या अशा लागायला हव्यात. शेवटी हात उलटा करून तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, चाचपायचं. हाड आहे हे ठाऊक असतं, पण गादीखाली ठेवलेल्या किल्लीसारखं, दाबल्याशिवाय सापडत नाही. "आता याच्या बरगड्यांवर हात ठेवा," डॉक्टर म्हणाले. ठेवला. तळवाच तळवा.

या चाचणीला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि ती कुत्र्याला चालते तशी मांजरालाही चालते. पशुवैद्य हेच जरा शिस्तीत करतात. त्यांच्याकडे १ ते ९ अशी मोजपट्टी असते. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे चालतंफिरतं पिंप. कुत्र्यासाठी ४ किंवा ५ उत्तम, मांजरासाठी ५. पाचाच्या वरची प्रत्येक पायरी म्हणजे वजन साधारण १० ते १५ टक्के जादा. हाताबरोबर डोळेही वापरायचे. वरून पाहिलं तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे, आणि बाजूने पाहिलं तर पोट मागच्या पायांकडे वर चढत गेलेलं. गुंड्या वरून अगदी लोडासारखा, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकाच मापाचा. डॉक्टरांनी कार्डावर ७ लिहिलं आणि त्याखाली '३० किलो'. म्हणजे असायला हवं ते वजन.

खरी अडचण आपल्या डोळ्यांची आहे. 'गुटगुटीत' हा शब्द आपण बाळापासून बोक्यापर्यंत सगळ्यांना कौतुकानेच लावतो. बागेत येणारे दहातले सात लॅब्रॅडॉर गुंड्यासारखेच असले की तेच माप नजरेत बसतं, आणि मग एखादा खरोखर नीट बांध्याचा कुत्रा दिसला की वाटतं, याला घरी खायला घालत नाहीत वाटतं. आमच्या सोसायटीच्या गेटवर एक गावठी कुत्री आहे. खाऊनपिऊन सुखी, लस टोचलेली, पळायला लागली तर रिक्षाला मागे टाकते. कंबर बघावी तर तिची. पण येणारा-जाणारा तिला 'बिचारी' म्हणतो आणि गुंड्याला 'राजा'.

मांजरांच्या बाबतीत उलटीही चूक होते. मागच्या पायांच्या मध्ये पोटाखाली कातडीची एक झोळी लोंबते, चालताना डावी-उजवी हलते. ती सडपातळ मांजरालाही असते, वाघालाही असते. ती दिसली म्हणून मांजर लठ्ठ ठरत नाही. बरगड्या आणि कंबर हीच खूण.

थोडंसं जादा वजन असलं तर एवढं काय बिघडतं? याचं उत्तर देणारा एक फार चिकाटीचा प्रयोग अमेरिकेत झाला. लॅब्रॅडॉरची ४८ पिल्लं घेतली, एकाच विणीतल्या पिल्लांच्या २४ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं मिळेल त्याच्या २५ टक्के कमी दुसऱ्याला. हे वर्षा-दोन वर्षांनी थांबवलं नाही. शेवटचा कुत्रा जाईपर्यंत चालू ठेवलं. निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्मे कुत्रे जगले ते, १३ वर्षं भरलं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२. सांधेही कमी खाणाऱ्यांचे उशिरा धरले. यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळी आहे. जास्त खाणारे कुत्रे काही पिंप नव्हते. त्या नऊच्या मोजपट्टीवर त्यांची सरासरी ६.७ होती. म्हणजे गुंड्यापेक्षाही किंचित कमी. आणि हा प्रयोग केला होता कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या पुरिना कंपनीने. खाणं विकणाऱ्यानेच 'कमी घाला' असं दाखवून द्यावं, याची मला गंमत वाटते.

चरबी म्हणजे नुसतं ओझं नाही. ती शरीरात सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते, म्हणून दुखऱ्या सांध्यांना मार दुहेरी. वजनाचा मार आणि सुजेचा मार. त्यामुळेच लंगडणाऱ्या लठ्ठ कुत्र्यांचं वजन ६-७ टक्क्यांनी उतरलं तरी चाल सुधारलेली दिसते. गुंड्याच्या हिशेबात म्हणजे अडीच किलो. लठ्ठ मांजरांना मधुमेहाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, आणि मांजराला दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचणं काय असतं ते ज्याने केलंय त्याला विचारा. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. कुत्रा घामाने नाही, धापा टाकून अंग थंड करतो. चरबीची गोधडी पांघरलेल्या कुत्र्याला, त्यात तो पग असेल, नाक चपटं असेल, तर एप्रिलमधली दुपार जिवावर बेतू शकते.

आता हे होतं कशामुळे? पहिलं कारण नसबंदी. ती करावीच, पण करताना कुणी सांगत नाही की त्यानंतर शरीराची गरज साधारण पाव हिश्शाने उतरते आणि भूक मात्र वाढते. वाटी तीच राहते, मग वर्षभरात पट्टा एक भोक मागे जातो. दुसरं कारण फक्त काहींच्या वाट्याचं. लॅब्रॅडॉर हावरट असतो ही बदनामी आपण सगळे करतो. केंब्रिज विद्यापीठातल्या एलेनोर रॅफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे पाव लॅब्रॅडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गहाळ असतो. 'पोट भरलं' हा निरोप मेंदूला पोचवण्याच्या कामात हे जनुक असतं. तुकडा नसला की निरोप अर्धवट पोचतो. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मधल्या वेळात जास्त भूक लागते, आणि वर बसल्या जागी ऊर्जाही कमी खर्च होते. दोन्हीकडून मार. हे वाचल्यावर मी गुंड्याला 'खादाड' म्हणणं बंद केलं. निरोप येत नसेल तर तो तरी काय करणार.

डॉक्टरांनी मला एक काम दिलं होतं: आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त वहीत लिहा. घरातल्या प्रत्येकाने. ही वही म्हणजे आमच्या घरातला एक छोटा भूकंप होता.

वाटीतलं खाणं मला माहीत होतं: दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम ड्राय फूड. १०० ग्रॅमला ३६० कॅलरी पाकिटावरच छापलेल्या, म्हणजे १,०८० कॅलरी. हा झाला अधिकृत आकडा. आता अनधिकृत. सासरे, म्हणजे नाना, सकाळच्या चहाबरोबर त्याला ग्लुकोजची चार बिस्किटं देतात. एकेक पंचवीसेक कॅलरींचं, झाल्या १००. सासूबाई तव्यावरची पहिली पोळी गुंड्यासाठी बाजूला काढतात, वर चमचाभर तूप. साधारण १४५. रात्री म्हशीचं वाटीभर दूध आणि त्यात उरलेला भात मूठभर: २३०. दुपारी शाळेतून आलेली माझी मुलगी ब्रेडच्या दोन स्लाइस त्याच्याशी 'शेअर' करते: १४०. बेरीज ६१५. म्हणजे वाटीत जेवढं पडत होतं त्याच्या निम्म्याहून जास्त वाटीबाहेर पडत होतं. आणि प्रत्येकजण अगदी मनापासून सांगत होता, "मी काही देत नाही हो त्याला, एवढंसं फक्त."

दुसरी बाजू म्हणजे गरज किती. याचं सूत्र आहे आणि ते मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर जमतं. जे वजन हवंय ते तीनदा गुणायचं, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढायचं आणि ७० ने गुणायचं. गुंड्यासाठी: ३० गुणिले ३० गुणिले ३०, झाले २७,०००. वर्गमूळ १६४.३. पुन्हा वर्गमूळ १२.८. गुणिले ७०, आले सुमारे ९००. नुसतं पडून राहून श्वास घ्यायला, हृदय चालवायला, अंग ऊबदार ठेवायला ३० किलोच्या कुत्र्याला रोज इतक्या कॅलरी लागतात. वजन उतरवायला सुरुवात करताना कुत्र्याला साधारण एवढंच देतात, मांजराला याच्याही ८० टक्के. लक्षात घ्या, आजच्या वजनाचं नाही, हव्या असलेल्या वजनाचं गणित मांडायचं. ३८ चं मांडलं तर माप जास्तच येईल.

गुंड्याला मिळत होत्या १,६९५ आणि द्यायच्या होत्या ९००. मला वाटलं, सोपं आहे, वाटी निम्मी करू. डॉक्टरांनी थांबवलं, आणि हा मुद्दा फार जणांना माहीत नसतो. नेहमीच्या खाण्यात प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार हे नेहमीच्या मापाला पुरतील असे घातलेले असतात. माप निम्मं केलं की कॅलरींबरोबर तेही निम्मे होतात. मग चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि कुत्रा बारीक नाही, अशक्त होतो. म्हणून वजन उतरवण्यासाठी वेगळं खाणं मिळतं. त्यात प्रथिनं आणि तंतू जास्त, कॅलरी कमी. महाग असतं, खरंय. पण आमच्या घरी पोळी-तूप-दूध-ब्रेडचा ६१५ कॅलरींचा फुगवटा काढल्यावर कात्री तेवढी खोल घालावी लागली नाही. नेहमीचं खाणं आधी कमी केलं, मग दहा दिवसांत हळूहळू नव्याकडे वळवलं. तुमच्या जनावराला काय लागेल ते त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचं. घरचा चिकन-भात घालणाऱ्यांनी तर नक्कीच विचारावं, कारण चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, आणि आधीच अपुरं असलेलं आणखी कमी करण्यात शहाणपण नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला तो स्वयंपाकघरातल्या काट्यामुळे. केकसाठी आणलेला, ग्रॅममध्ये मोजणारा. त्याआधी मी प्लास्टिकच्या कपाने घालायची. एकदा गंमत म्हणून तोच कप मी, नवऱ्याने आणि मुलीने आपापल्या हाताने भरला आणि तोलला. माझा ९५ ग्रॅम, मुलीचा ८८, नवऱ्याचा १२१, कारण त्याचा कप कायम शीग लावलेला. दोन वेळेला पंचवीस-पंचवीस ग्रॅम जादा म्हणजे दिवसाला १८० कॅलरी, आणि त्याची त्याला गंधवार्ता नाही. आता रोज सकाळी दिवसभराचं खाणं एकदाच तोलून डब्यात भरलं जातं. डबा रिकामा झाला की दिवस संपला.

नियम असा की दिवसाच्या कॅलरींतला दहावा भाग खाऊसाठी ठेवायचा, बाकी सगळं मुख्य खाणं. गुंड्याच्या हिशेबात खाऊला ९० कॅलरी. आता पंचाहत्तरीच्या नानांना "उद्यापासून बिस्किट बंद" असं कोण सांगणार? ते बिस्किट म्हणजे नुसतं बिस्किट नाही. सकाळी साडेसहाला बाल्कनीत दोघं बसतात, नाना त्याला पेपरातल्या बातम्या सांगतात. मी एवढंच सुचवलं, "नाना, एकाच बिस्किटाचे चार तुकडे करून दिले तर?" कुत्रा कॅलरी मोजत नाही. चारदा हात पुढे आला, चारदा मिळालं, एवढं त्याला पुरतं. नानांनी दोन दिवस नाक मुरडलं, मग स्वतःच सहा तुकडे करायला लागले आणि हे आपलंच डोकं असल्याचं सगळ्यांना सांगू लागले.

सासूबाईंचं प्रकरण अवघड होतं. मुक्या जनावराला पहिली पोळी ही त्यांच्या आईकडून आलेली रीत. "घरात तवा चढतो आणि त्याच्या तोंडचा घास काढायचा, हे माझ्यानं व्हायचं नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग आमचं ठरलं की पहिला गोळा गुंड्याचाच, फक्त पुरीएवढाही नाही, पाच रुपयांच्या नाण्याएवढा. सासूबाई त्याची चिमुकली पोळी लाटतात, तूप न लावता. भातुकलीतली दिसते. रीत शाबूत राहिली, कॅलरी पंधराच्या आत आल्या. दूध-भात मात्र पूर्ण बंद झाला. मुलीने ब्रेडच्या जागी गाजराच्या चकत्या मान्य केल्या, आणि खरं सांगायचं तर गुंड्याला कुरकुरीत आवाजाशी मतलब होता.

खाऊसाठी आपल्या भाजीच्या टोपलीत भरपूर आहे. काकडी, गाजर, उकडलेली फरसबी, वाफवलेला दुधी. १०० ग्रॅम काकडीत किंवा दुधीत पंधराच्या आसपास कॅलरी. जेवणात वाफवलेला दुधी मिसळला की वाटी भरलेली दिसते आणि पोटालाही भर येते. पण फोडणीची भाजी नको, मीठमसाला नको. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून ग्रेव्हीत बुडवलेला घास प्रेमाचा नव्हे. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक, तेव्हा शिऱ्यातला बेदाणाही नाही. चॉकलेट नाही. आणि साखर कमी म्हणून 'शुगरफ्री' च्युइंगम किंवा मिठाई तर अजिबात नाही. त्यात झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ असेल तर थोड्याशा मात्रेतही कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते.

व्यायामाबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. मीही सुरुवातीला म्हटलं होतं, खाऊ दे की, संध्याकाळी एक फेरी जास्त मारू. तीस किलोचा कुत्रा एक किलोमीटर चालला की पंचवीस-तीस कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक ग्लुकोज बिस्किट. नानांची ती चार बिस्किटं फेडायला चार किलोमीटर! वजन उतरतं ते वाटीत. चालण्याने स्नायू टिकतात, सांधे मोकळे राहतात, आणि कंटाळलेला कुत्रा खाण्याकडे कमी वळतो, म्हणून चालायचंच. जड कुत्र्याला सुरुवातीला दहा-दहा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या, मग हळूहळू वाढवायच्या. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. डांबरी रस्त्यावर हाताची पाठ पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पायही तिथे टेकवू नका. आणि आधीच लंगडत असेल तर चेंडू फेकून धावडवण्याऐवजी सावकाश चालणं बरं.

एवढं सगळं करूनही वजन हलत नसेल तर रक्त तपासावं. कुत्र्यांत थायरॉइड मंदावतो. अंगावरचे केस विरळ होतात, कुत्रा सुस्त पडून असतो, थंडी सोसत नाही. कुशिंग नावाच्या आजारात पोट सुटतं, तहान-भूक दोन्ही वाढतात. खाजेसाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, फिट्सवरची काही औषधं, यांनीही भूक खवळते. पण ही औषधं मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांना सांगून काय बदलता येईल ते बघायचं. माणसांच्या वजनाची जी इंजेक्शनं सध्या गाजताहेत त्यांचा विचार घरच्या घरी मनातही आणू नये. कुत्र्यांचं वजन उतरवायचं एक औषध अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झालं होतं. पुढे ते बाजारातून गेलं, वाटी राहिली.

आता मांजर. इथे थोडं सावकाश वाचा, कारण कुत्र्याचं सगळं मांजराला जसंच्या तसं लावलं तर घात होऊ शकतो.

ठाण्याला माझ्या ताईकडे चिंगी आहे, साडेसहा किलोची. असायला हवी साडेचार. दोन किलो ऐकायला किरकोळ वाटतात. पण साडेचार किलोच्या जिवाला एक किलो म्हणजे साठ किलोच्या बाईला तेरा किलो. दोनाचा हिशेब तुम्हीच करा. गुंड्याची गोष्ट ऐकून ताई जोशात आली. म्हणाली, "उद्यापासून नवं डाएटचं खाणं. खाईल तर खाईल, नाही तर राहील उपाशी. भूक लागली की झक मारत खाईल."

हे वाक्य मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जरी उपाशी राहिलं तरी शरीर साठवलेली चरबी भराभर बाहेर काढतं आणि ती सगळी यकृताकडे धावते. मांजराच्या यकृताला एवढी चरबी एकदम हाताळता येत नाही. गोदामात माल उतरत राहावा आणि बाहेर काढायला माणसंच नसावीत, तसं होतं. पेशी चरबीने तुडुंब भरतात, यकृत काम सोडतं, डोळे, हिरड्या, कानाची आतली बाजू पिवळी पडते. वेळेत नळीने अन्न दिलं नाही तर मांजर दगावतं. कुत्रा एखाद दिवस रुसला तर चालतं. मांजर चोवीस तास काहीच खात नसेल तर फोन उचलायचा. आणि जाडजूड मांजर 'आपोआप' बारीक व्हायला लागलं तर आनंदाने पेढे वाटू नका, तपासायला न्या.

म्हणून मांजराचं वजन मुंगीच्या पावलाने उतरवतात. आठवड्याला अर्धा ते एक टक्का, म्हणजे चिंगीचे ३० ते ६५ ग्रॅम. कुत्र्याचं एक-दोन टक्के चालतं. चिंगीला दोन किलो उतरवायला आठ महिने ते दीड वर्ष लागणार, हे ताईला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. गणित तेच: साडेचार तीनदा गुणा, दोनदा वर्गमूळ, गुणिले ७०, आले २१६; त्याचे ८० टक्के सुमारे १७३. ड्राय फूडचे ४५ ग्रॅम. आमटीची वाटीही भरत नाही. ताईने ते वाटीत ओतून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे जेवण आहे की नैवेद्य?"

तिच्याकडे वाटी कायम भरलेलीच असायची, चिंगी येता-जाता खायची. दिवसभर घरात एकटी, खिडकीतून कबुतरं बघण्यापलीकडे उद्योग नाही, तर खाणं हीच करमणूक. मांजर मुळात शिकारी. रानात त्याला दिवसातून अनेकदा छोटे छोटे घास मिळतात, आणि प्रत्येकासाठी दबा धरावा लागतो. म्हणून तेच ४५ ग्रॅम ताईने पाच वाट्यांत वाटले, काही दाणे पुठ्ठ्याच्या अंड्याच्या ट्रेमध्ये टाकले, काही कपाटावर. चिंगीला आता नाश्त्यासाठी चढावं लागतं. काही भाग ओल्या खाण्याचा केला. पाऊचमध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत ऐवज मोठा दिसतो. नव्या खाण्यावर आणायला तीन आठवडे लागले, रोज चमचाभर जुनं कमी, नवं जास्त. पहाटे चार वाजता उशीशी येऊन ओरडणं महिनाभर चाललं. ओरडल्यावर उठून द्यायचं नाही, हा एकच नियम, आणि भाओजींनी तो तीनदा मोडला. शेवटी ठरलेल्या वेळी झाकण उघडणारं यंत्र आणलं. मग चिंगी भाओजींना सोडून त्या यंत्रासमोर जाऊन बसायला लागली.

मांजराला 'थायरॉइड असेल' ही सबब सहसा लागू पडत नाही, हेही सांगून ठेवते. मांजरांत थायरॉइड बिघडतो तो बहुतेक वेळा उलट्या दिशेने: म्हातारी मांजरं भरपूर खाऊनही वाळत जातात.

घरी वजन करताना मांजराला कडेवर घेऊन न्हाणीघरातल्या काट्यावर उभं राहणं आणि स्वतःचं वजन वजा करणं हा उपाय सगळे सांगतात. गुंड्यासारख्याला ठीक, म्हणजे उचलता आलं तर. पण ४० ग्रॅमच्या फरकासाठी तो काटा कुचकामी. तान्ह्या बाळांचा काटा घ्या, किंवा पंधरा दिवसांनी दवाखान्यात जाऊन तोला. सहसा त्याचे पैसे घेत नाहीत.

गुंड्याचं वजन पहिल्या दोन आठवड्यांत सातशे ग्रॅम उतरलं आणि घरात साखर वाटायचं तेवढं बाकी राहिलं. मग दिवाळीच्या सुमारास ३४ वर येऊन काटा बसला तो बसलाच. हे होणारच असतं. शरीर लहान झालं की त्याची गरजही कमी होते, आणि ते काटकसरही शिकतं. आधी वही बघायची. दिवाळीत घरात माणसं होती, चकलीचे तुकडे खाली पडत होते, आणि ते पडतच नव्हते, पाडले जात होते. वही स्वच्छ असूनही चार आठवडे काटा हलला नाही तर डॉक्टरांना विचारून माप पाच-दहा टक्क्यांनी कमी करतात. इच्छित वजन आलं म्हणून जुन्या मापावर परत जायचं नसतं; दहा टक्के वाढवून महिनाभर वजन बघायचं, मग पुन्हा ठरवायचं. बहुतेकांना पूर्वीपेक्षा कमीच पुरतं, कायमचं.

जानेवारीच्या शेवटी, सात महिन्यांनी, गुंड्या ३१.५ वर आला. सोफ्यावर उडी मारायला लागला, जी त्याने दोन वर्षांत मारली नव्हती, आणि आम्ही विसरलोही होतो की तो मारायचा. सासूबाई मात्र रोज म्हणायच्या, "खंगलाय गं पोर." एकदा मी त्यांचा हात धरून आधी त्यांच्याच दुसऱ्या हाताच्या पाठीवर फिरवला, मग गुंड्याच्या बरगड्यांवर. त्या बराच वेळ चाचपत बसल्या. "सारखंच लागतंय की," म्हणाल्या.

फेब्रुवारीत अचानक चारशे ग्रॅम वाढले. वही तपासली, डबा तपासला, नानांच्या बिस्किटांचा पुडा मोजला. सगळं चोख. आठ दिवस घरात एकमेकांकडे संशयाने बघणं चाललं होतं. मग एका सकाळी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडायच्या आतच गुंड्याची शेपटी सुरू झाली, आणि समोर काकू उभ्या, हातात तूप लावलेली अख्खी पोळी. "अगं, किती वाळलाय गं हा," त्या म्हणाल्या, "म्हणून हल्ली रोज एक देते." वहीत आता त्यांच्या नावाचा एक रकाना आहे.